फोनवरचं हिरवं पाकीट

९ जुलै, सोमवार

प्रौढ वर्गाच्या बाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, काहीही लिहा, कोणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही. म्हणून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिते आहे. रोज एक पान फाडावंच लागतं, ते वाया का घालवा. शाळेत मी दोनच वर्षं गेले, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसले. जे अक्षर येत नाही तिथे गोल काढते.

आज लिहायला कारणही तसंच आहे. माझी नात आ-युन कॉलेजात जाणार नाही! मशीनच्या फॅक्टरीत उमेदवारी करणार. अप्रेंटिस! फॅक्टरी शेनगांगला, आणि शेनगांग म्हणजे आमच्या फंगयुआनहून बसने अगदी हाकेवर. तिचे आईबाप राहतात तैपेईला. मग पोर राहणार कुठे? उघड आहे. आमाकडे. आमा म्हणजे मी, तिची आजी.

मुलाचा फोन आला होता. फार चिडलेला. म्हणाला, आई, हे तूच भरवलंस तिच्या डोक्यात. लोक पोरांचे हात काळे होऊ नयेत म्हणून राबतात आणि माझी पोर आपण होऊन तेलात हात घालायला चालली. मी म्हटलं, मी काही भरवलं नाही, मी फक्त फॅक्टरीची जाहिरात कापून पाठवली होती. दोनदा. आणि शिकता शिकता पगार मिळतो, शिकून झाल्यावर नोकरी शोधत हिंडावं लागत नाही, हे काय वाईट? तो म्हणाला, आणि ती फॅक्टरी नेमकी तुझ्या घराजवळ निघाली. मी म्हटलं, आता फॅक्टरी कुठे बांधली त्याला मी काय करू?

यात माझा काडीचा स्वार्थ नाही. वरची खोली दुपारीच झाडून घेतली.

१५ जुलै, रविवार

आ-युन आली. केस पार कापून टाकलेत. म्हणाली, मशीनमध्ये अडकतात, आमा. लु-बा केलं होतं, डुकराचं मटण सोयाच्या रश्श्यात सकाळपासून शिजवलेलं. दोन वाडगे भात खाल्ला त्याच्याबरोबर.

मग म्हणाली, फॅक्टरीचं होस्टेल आहे, नव्या पोरांनी सकाळी आधी येऊन झाडलोट करायची असते, मी तिथेच राहते. मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की होस्टेलच्या गाद्यांत ढेकूण असतात, पाणी कडू असतं आणि आ-थोच्या भाच्याला होस्टेलात कावीळ झाली होती. आ-थो म्हणजे माझी शेजारीण. आ-युन म्हणाली, आमा, आ-थोला भाचा आहे?

नाही. पण असता तर झाली असती.

पंधरा दिवसांत कंटाळून येईल. गुलाबी रजई आणून ठेवली आहे.

संकल्प: तिच्या मागे लागायचं नाही. फोन तर मुळीच करायचा नाही.

१६ जुलै, सोमवार

फोन केला. नंबर बरोबर उतरवून घेतलाय का एवढंच बघायचं होतं. बरोबर आहे.

५ ऑगस्ट, रविवार

आली होती. आता दर रविवारी येते. हाताला फोड आलेत. एक लोखंडी ठोकळा दिलाय आणि कानस, तो घासून सपाट करायचा. पहिल्या दिवसापासून तोच ठोकळा. वस्ताद येतो, बोट फिरवतो, म्हणतो, हं, आता उरलेलं घास. मी विचारलं, मशीनला हात लावू देत नाहीत? म्हणाली, आमा, आधी हाताला कळलं पाहिजे सपाट म्हणजे काय, मग मशीन.

मला बरं वाटलं. मला कुणी असं शिकवलंच नाही. मी चपलांच्या फॅक्टरीत तळवे चिकटवत होते, लग्नाच्या आधीपासून ते पाठ धरेपर्यंत. पहिल्या दिवशी मुकादमीण म्हणाली, हा ब्रश, हा गोंद. झालं माझं शिक्षण. फॅक्टरी एक दिवस दुसऱ्या देशात निघून गेली आणि माझ्याकडे काय उरलं? ब्रश धरायची पद्धत. आ-युनचं तसं होणार नाही. जे हाताला शिकवलं ते कोणी उचलून नेत नाही.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती झोपली होती. खुर्चीतच. वर जाऊन झोप म्हटलं तर म्हणाली, नको, बस चुकेल.

२६ ऑगस्ट, रविवार

हिरवी पाकिटं आणली. दोन. मशीनवर ठेवतात ती, नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊची. खाऊच्या नावातच ‘शहाण्यासारखं वाग’ असं आहे, म्हणून मशीन बिघडत नाही. बँकेत, हॉस्पिटलात, सगळीकडे ठेवतात. हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर मशीन रुसतं. तारीख उलटू द्यायची नाही आणि ते पाकीट कोणी खायचं नाही. खाल्लं की मशीन बंद.

एक आ-युनला दिलं. तिच्या टेबलावर आधीच सात-आठ आहेत म्हणाली, पण घेऊन गेली.

दुसरं फोनवर ठेवलं. फोनसुद्धा मशीनच. इतके दिवस वाजत नाही म्हणजे काहीतरी बिघाड असणार.

२८ ऑगस्ट, मंगळवार

फोन वाजला! विमा विकणारी बाई होती. पण वाजला तर.

१४ ऑक्टोबर, रविवार

आ-युन न्हाणीतून बाहेर आली, टॉवेल सरकला, तर कमरेला, उजव्या बाजूला हे एवढं काळंनिळं! तळहाताएवढं. विचारलं काय झालं. म्हणाली, काही नाही आमा, कामाचं आहे. कामाचं? पोरीला मारतात!

मनात म्हटलं, बघतेच त्या वस्तादाकडे.

१५ ऑक्टोबर, सोमवार

गेले. औषधी तेलाची बाटली पिशवीत, छत्री हातात. पाऊस नव्हता.

गेटवरच्या माणसाला म्हटलं, बाजूला हो. आत गेले आणि मोठ्याने विचारलं, ग्वो वस्ताद कोण? माझ्या नातीला कोणी मारलं? सगळी मशीनं बंद झाली. एक ठेंगणा म्हातारा पुढे आला, माझ्याहून लहानच असेल, हात निळे. म्हणाला, मीच. आमा, इकडे या, बसा. मी म्हटलं, बसायला आले नाही. मग त्याने काय करावं? शर्ट वर केला. कमरेला उजव्या बाजूला म्हशीच्या कातड्यासारखा घट्टा! मग त्याच्या मागच्याने शर्ट वर केला. मग त्याच्या मागच्याने. सगळी फॅक्टरी कंबर दाखवत उभी. मी छत्री उघडून तोंडापुढे धरली.

गोष्ट अशी आहे. मशीनचा लोखंडी पाट एकदम सपाट लागतो. त्यावर निळा लेप लावलेली सपाट फरशी फिरवतात, जिथे उंचवटा तिथे निळं उमटतं. ते निळं पात्याने खरवडायचं. लांब दांड्याचं पातं, दांडा कमरेला टेकवायचा आणि अंगाच्या जोराने ढकलायचं. पुन्हा फरशी, पुन्हा निळं, पुन्हा खरवड. दिवसच्या दिवस. मी म्हटलं, एवढी मशीनं आहेत, एखादं मशीन नाही का हे करायला? वस्ताद म्हणाला, आमा, त्या मशीनचा पाट कशावर सपाट करायचा? कुठेतरी पहिल्यांदा माणूस लागतोच. तुमची नात चांगली ढकलते. हलकी आहे, पण घाई करत नाही.

मी विचारलं, मग पगार नीट देता ना, जेवण? म्हणाला, जेवण माझी बायको करते. या, जेवूनच जा. बायको चांगली आहे. मीठ जास्त घालते.

आ-युन एका मशीनमागे उभी होती. फक्त केस दिसत होते. मी तेलाची बाटली वस्तादाला दिली, म्हटलं, सगळ्यांना पुरवा.

एकूण भेट फार चांगली झाली. आता ओळख झाली, जाता येता जाता येईल.

२१ ऑक्टोबर, रविवार

आली नाही. काम असेल.

२८ ऑक्टोबर, रविवार

आली नाही. फोन केला. म्हणाली, आमा, तुझ्या त्या तेलाच्या बाटलीवरून सगळे मला आता ‘मलम’ म्हणतात. मलम, पाना आण. मलम, दिवा लाव. मी म्हटलं, किती माया करतात. ती गप्प बसली. लाइन खराब असावी. पाकिटावरची धूळ पुसली.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की गल्लीतले सगळे पिशव्या घेऊन बाहेर येतात. तेवढंच बोलणं होतं. आ-थोने विचारलं, तुझी नात राहायला आली का गं? मी म्हटलं, येणारच आहे, आता थंडी सुरू होईल, होस्टेलात गार पडतं. आ-थो म्हणाली, उन्हाळ्यात म्हणालीस तिथे उकडतं म्हणून येईल. तिला सगळं लक्षात राहतं, फक्त माझी घेतलेली कढई लक्षात राहत नाही.

गाडी पुढे गेली की गल्ली लगेच रिकामी होते. कशी काय इतकी पटकन होते कोण जाणे.

२१ जानेवारी, सोमवार

आज फॅक्टऱ्यांतून आमच्या चांद्र वर्षअखेरीची जेवणं. आ-युनच्या फॅक्टरीतही. पूर्वी मालकाला एखाद्याला काढायचं असलं की अख्ख्या कोंबडीचं डोकं त्याच्याकडे करून ताट ठेवायचा. तोंडाने काही बोलायचा नाही. बिचारा जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायचा.

सकाळी गल्लीच्या टोकाला भूमीदेवाच्या देवळात गेले. मी देवाला काही मागितलं नाही. देवाशी फक्त कोंबडीबद्दल बोलले. म्हटलं, डोकं असतं, कुठल्या तरी बाजूला करावंच लागतं. आणि पोरीला काढलं तर जगबुडी येत नाही, वरची खोली आहेच.

मग कौल लावला. दोन लाकडी चंद्रकोरी टाकायच्या, एक पालथी एक उताणी पडली म्हणजे होकार. विचारलं, आ-युन माझ्याकडे राहायला येईल का? दोन्ही पालथ्या. नकार. हात ओले होते म्हणून. पुसून पुन्हा टाकल्या. दोन्ही उताण्या, म्हणजे देव हसला. हसला तर हसू दे. पुन्हा टाकल्या. होकार! म्हटलंच होतं.

संध्याकाळी फोन केला. म्हणाली, आमा, कोंबडी कापूनच आणली होती, डोकंच नव्हतं. आणि लॉटरीत मला राइस कुकर लागला. तुला ठेवते.

माझ्याकडे आहे. पण आणू दे.

४ फेब्रुवारी, सोमवार

चांद्र वर्षाची शेवटची संध्याकाळ. मुलगा, सून, आ-युन, सगळे आले! टेबलावर जागा नाही एवढं केलं. अख्खा मासा, कोंबडीचं सूप, चिकट तांदळाचे गोड तुकडे. कोंबडीचं डोकं मी मुद्दाम छताकडे करून ठेवलं.

जेवताना आ-युनने टेबलावर तळहात फिरवला आणि म्हणाली, आमा, तुझं टेबल मध्ये खोल गेलंय, इथे. सगळ्यांनी हात फिरवला, कोणाला कळेना. तिने ताटली उलटी ठेवून फिरवली, तर ती डुगडुगली. मुलगा म्हणाला, हे शिकायला कॉलेज सोडलं? टेबल डुगडुगतं हे सांगायला? आ-युन चिडली नाही. म्हणाली, पप्पा, माझ्या वर्गातली मुलं काय करतात विचारा. ती अजून ठरवतायत काय व्हायचं. मी ठरवलंय. आणि वस्तादांनंतर हे काम येणारी माणसं फॅक्टरीत बोटावर मोजण्याइतकी आहेत, म्हणून आम्हाला शिकवतात, पगार देऊन. मुलगा जेवण होईपर्यंत टेबलावर मधूनमधून हात फिरवत होता.

सून म्हणाली, पण मुलीच्या जातीला हे काम? मी म्हटलं, मी पोटुशी असताना गोंद लावत उभी होते, तेव्हा कोणी जात विचारली नाही.

आ-युन वरच्या खोलीत झोपली. गुलाबी रजई तिला आवडली. आवडली असं म्हणाली नाही, पण पांघरली.

६ फेब्रुवारी, बुधवार

गेले सगळे. उशीचा अभ्रा धुवायचा होता. आज ऊन नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

आज ऊन होतं. पण पाणी गार.

१७ मार्च, रविवार

आ-युन आली. तिने पहिला अख्खा पाट एकटीने सपाट केला, वस्तादाने तपासला, आणि काय म्हणाला? काहीच नाही. पुढचा पाट दिला. तिला एवढा आनंद झाला होता की सांगताना भात थंड झाला. म्हणाली, आमा, तो काही बोलला नाही म्हणजे पास. मी म्हटलं, मीसुद्धा तुला काही बोलत नाही. म्हणाली, तू? आणि इतकी हसली की ठसका लागला.

वस्तादाची बायको कांद्याच्या पातीची भाकरी करते म्हणे, अशी कुठेच मिळत नाही. ती गेल्यावर मी लगेच केली. एकटीने किती खाणार. आ-थोला दिली. म्हणाली, मीठ कमी आहे.

संकल्प: भाकरीत मीठ जास्त घालायचं. फोनवरही जोरात नाही, हळू बोलायचं, म्हणजे ती लवकर ठेवणार नाही.

१४ मे, मंगळवार

गंमत झाली. दुपारी फोन आला, पुरुषाचा आवाज, रडवेला. आमा, मी बोलतोय, तुझा नातू! मी म्हटलं, मला नातू नाही, नात आहे. मग म्हणाला, तिचाच मित्र बोलतोय. मी म्हटलं, आत्ता तर नातू होतास. ही ती फसवणारी मंडळी. वॉर्डप्रमुखाने भोंग्यावरून किती वेळा सांगितलंय, असा फोन आला की लगेच ठेवा.

ठेवणारच होते. पण तो म्हणाला, आमा, जेवलीस का?

आता विचारलं तर उत्तर द्यायला नको? काय जेवले ते सांगितलं. त्याने विचारलं, एकटीच? मग तेही सांगितलं. त्याला अपघाताचं सांगायचं होतं बिचाऱ्याला, तीनदा सुरू केलं, पण मला आ-युनच्या पाटाचं सांगायचं होतं. शेवटी त्यानेच फोन ठेवला. मी नाही ठेवला.

कामात कच्चा आहे. नीट शिकवलेलं दिसत नाही त्याला कोणी.

पाकीट बदललं. तारीख जवळ आली होती. नवंही हिरवंच.

११ जून, मंगळवार

तोच. आवाज ओळखला. म्हणाला, अरे, चुकून तुलाच लागला, आमा. मी म्हटलं, लागलाय तर बोल. म्हणाला, वरिष्ठ समोर बसलेत, मला यादी संपवायची आहे. मी म्हटलं, हे बघ, ही कसली उमेदवारी? हाताला काय राहणार उद्या? माझी नात बघ. तुझं वय काय? म्हणाला, सव्वीस. मी म्हटलं, उशीर नाही झाला, पण कंबर मजबूत आहे ना?

त्याने ठेवला. हसत ठेवला. मला ऐकू आलं.

आ-थोला सांगितलं नाही. तिला उगाच वाटेल, मला बोलायला कोणी नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

आ-युन केक घेऊन आली. केक पाहिला आणि मला वाटलं, आता सांगणार, होस्टेल सोडलं. मी चहा ठेवला, कप घासले, पुन्हा घासले.

ती परदेशी चालली. मशीन गिऱ्हाइकाकडे पोचलं की नव्या जमिनीवर थोडं कलतं, तिथे बसवून पुन्हा हाताने सपाट करायचं असतं. वस्तादाचा मोठा शागीर्द चाललाय, त्याने बरोबर हिलाच मागितली. मुलगी म्हणून नको म्हणणारेही होते. वस्ताद म्हणाला, तिचा पाट आणि तुमचा पाट शेजारी ठेवा.

देश भारत. तो माहीत आहे, बुद्धाचा. गावाचं नाव पुणे. तिथे मोटारींचे भाग करायच्या फॅक्टऱ्या आहेत म्हणे रांगेने, आमच्याकडची मशीनं घेतात. एक वर्ष. काम वाढलं तर दोन. मी विचारलं, भात मिळतो? म्हणाली, मिळतो. थंडी असते? फार नाही. तिथे आज्या असतात? म्हणाली, आमा, आज्या सगळीकडे असतात.

हे मला फारसं आवडलं नाही.

मी फार आनंदात आहे. खरंच. एवढीशी पोर, आणि विमानाने बोलावतात तिला, तिच्या हातासाठी. मीच जाहिरात पाठवली होती. दोनदा.

ती गेल्यावर भूमीदेवाकडे गेले. विचारलं, परत आल्यावर माझ्याकडे राहील का? दोन्ही पालथ्या. पुन्हा, दोन्ही पालथ्या. पुन्हा. हवा दमट आहे, लाकूड फुगतं.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज निरोपाला येणार होती. लु-बा सकाळपासून गॅसवर. चार वाजता फोन आला, मशीनचं खोकं अजून बंद व्हायचंय, येता येत नाही, उद्या विमानतळावरून फोन करते, आमा, पाचच्या सुमाराला, विमानात बसायच्या आधी. नक्की. तिकडचा नंबर मिळायला वेळ लागेल, म्हणून उद्या नीट बोलू.

मी म्हटलं, काम आधी.

उद्या काय काय बोलायचं ते ठरवलं. कागदावर नाही, डोक्यात. पाणी उकळून पी. पातं कमरेला टेकवताना आत फडकं ठेव. वरची खोली तशीच राहील, तू म्हणशील तेव्हा. हे शेवटचं सहज बोलल्यासारखं बोलायचं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

दुपारपासून फोनशेजारी बसले. न्हाणीत गेले तेव्हा दार उघडं ठेवलं.

साडेचारला वाजला. उचलला तर तो. सव्वीसवाला. म्हटलं, बाळा, आज नको, नातीचा फोन यायचाय. तो म्हणाला, आमा, आज यादीतला फोन नाही. मला खरंच विचारायचंय. ती उमेदवारी, तिथे सव्वीसचा चालतो का? दहावीपर्यंतच शिकलोय.

आता पाचला अर्धा तास होता. आणि कोणी आपणहून विचारतं का कधी? मुलाने विचारलं नाही, सुनेने नाही. मी त्याला सगळं सांगितलं. आधी कानस, मग निळा लेप, मग पातं. पहिले महिने कंटाळा येतो, ठोकळा फेकून द्यावासा वाटतो, फेकू नकोस. वस्ताद गप्प बसला तर घाबरू नकोस, गप्प म्हणजे पास. पगार सुरुवातीला थोडा, पण होस्टेल आहे, गाद्या स्वच्छ आहेत, पाणी चांगलं. जेवणात मीठ जास्त. तो विचारत होता, मी सांगत होते. त्याने वस्तादाचा पत्ता विचारला, तो दिला. आमाने पाठवलं म्हणून सांग, म्हटलं, छत्रीवाल्या आमाने. तो म्हणाला, आमा, आजवर मला एवढं कोणी समजावून सांगितलं नाही.

फोन ठेवला तेव्हा बाहेर कचऱ्याची गाडी वाजत होती. गाडी साडेसहाला येते.

बसून राहिले. मग मुलाचा फोन आला. म्हणाला, आई, कोणाशी बोलत होतीस? आ-युन विमानात बसेपर्यंत लावत होती. सारखा एंगेज. शेवटी मला म्हणाली, आमाला सांगा, पोचल्यावर बघते.

मी म्हटलं, फोन बिघडला होता. म्हटलं खरं. पण बिघडला नव्हता. अगदी शहाण्यासारखा वागत होता.

कालच्या लु-बाखालचा गॅस बंद केला.

२ ऑक्टोबर, बुधवार

आ-युन पोचली. मुलाच्या मोबाइलवर चित्रं पाठवते म्हणे रोज. चांगला फोन घे म्हणतो तो मला. मी म्हटलं, हा आहे ना.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बसने शेनगांगला गेले. म्हटलं, इकडे आलेच होते म्हणून. वस्तादाला विचारलं, कोणी सव्वीस वर्षांचा मुलगा आला होता का, माझं नाव घेऊन? म्हणाला, नाही आमा, कोणी नाही. मी म्हटलं, बस चुकली असेल त्याची. तो मार्ग जरा अवघडच आहे.

वस्तादाची बायको जेवायला थांबा म्हणाली. आ-युनच्या जागी एक नवा पोरगा ठोकळा घासत होता. भाकरी खरंच चांगली होती.

संकल्प: उद्यापासून वरची खोली बंद ठेवायची. धूळ जाते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पाकिटाची तारीख उलटून गेली होती. इतके दिवस पाहिलंच नाही. दुकानात गेले तर हिरवं संपलेलं, पिवळी होती.

जुनं फोडलं. खाल्लं. नारळाची चव लागते. अजून कुरकुरीत आहे, तारीख उगाच छापतात. सगळं एकदम नव्हतं खायचं, पण बसल्या बसल्या संपलं.

फोन तपासून पाहिला. चालू आहे.

संध्याकाळी गाडी आली. आज टाकायला दुसरं काही नव्हतं, रिकामं पाकीट तेवढं. तरी गेले. आ-थो म्हणाली, अगं, एवढ्यासाठी आलीस? मी म्हटलं, घरात ठेवलं की वास येतो.